बांधावर आलेलं सरकार

"पंचायत समितीच्या सभागृहात शेतकरी मेळावा, भात लागवडीवर मार्गदर्शन आणि बियाणे वाटप." अशी चार ओळींची बातमी जून महिन्यात जिल्हा पानाच्या एखाद्या कोपऱ्यात हमखास असते. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. मेळावा म्हणजे हारतुरे, दीपप्रज्वलन, तीन भाषणं आणि शेवटी चहा, अशी आपली समजूत. ती अगदीच खोटी आहे असंही नाही. पण या चार ओळींच्या मागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. सरकार नावाची गोष्ट शेतकऱ्याच्या बांधावर कधी आली, काय सांगायला आली आणि जाताना काय ऐकून गेली, याचा तो इतिहास. आज तो मी माझ्या मुलखाच्या, म्हणजे महाड-पोलादपूरच्या, आधाराने सांगणार आहे.

आधी मुलूख डोळ्यांसमोर आणा. मुंबई-गोवा महामार्गाने महाड सोडलं की सावित्रीच्या काठाकाठाने पोलादपूर येतं. इथून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, दुसरा कशेडी घाटाने खेडकडे उतरतो. पूर्वी महाड तालुक्यातच मोडणारा हा भाग. रायगड जिल्हा म्हटलं की लोकांना अलिबागचा समुद्र आठवतो. पोलादपूरला समुद्र नाही. इथे आहेत ते डोंगर, ओढे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस. सपाटीला आणि उतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरं, वर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, भातानंतर ओलीवर वाल किंवा कुळीथ. एवढ्यावर घर चालत नाही, म्हणून घरातला एक तरी माणूस मुंबईला. हे चित्र फार जुनं आहे.

मुंबई इलाख्याचं शेतकी खातं जन्माला आलं ते दुष्काळ आयोगाच्या शिफारशीनंतर, जुलै १८८३ मध्ये. योगायोग असा की कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियरही त्याच वर्षी छापून आलं. त्या काळात कोकणातला शेतकरी आणि सरकार यांच्यात एका गोष्टीवरून मोठा वाद पेटला होता. ती गोष्ट म्हणजे राब. ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची तिथे उन्हाळ्यात शेण, झाडांचा तोडलेला टाळ, गवत आणि पालापाचोळा यांचे थर द्यायचे, वर थोडी माती टाकायची आणि ते सगळं भाजायचं. पावसाच्या तोंडावर त्या राखेत बी पेरायचं. आपल्याकडे ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली.

जंगल खात्याच्या साहेबांना हा शुद्ध उधळेपणा वाटे. झाडाच्या फांद्या तोडून जाळायच्या म्हणजे काय! त्यांनी टाळ तोडण्यावर निर्बंध आणले आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पुढे इंग्लंडहून डॉ. व्होलकर नावाचे कृषिरसायनतज्ज्ञ देशभर फिरून गेले. त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा प्रश्न त्यांच्याही नजरेतून सुटला नाही. व्होलकरांचं एकंदर मत असं, की हिंदी शेतकरी अडाणी नाही. तो जिथे मागे पडतो तिथे बहुतेक वेळा त्याच्याकडे साधनं नसतात.

राबामागचं शास्त्र आज आपल्याला ठाऊक आहे. भाजल्याने तणाचं बी मरतं, राखेतून रोपाला पोषण मिळतं, माती भुसभुशीत होते आणि पाऊस सुरू होताच रोप जोमाने उठतं. जंगलावर ताण पडतो, हेही तितकंच खरं. म्हणजे दोन्ही बाजूंकडे थोडं थोडं सत्य होतं. पण त्या वेळी सरकार बांधावर आलं ते शिकवायला नाही, मनाई करायला. ही पहिली भेट आमच्या लोकांच्या मनातून बराच काळ गेली नाही.

आता दुसरा मुद्दा. शेतीत सुधारणा करा, खत घाला, बांध दुरुस्त करा, असं सांगणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारायला हवा: वाढलेलं पीक कोणाच्या घरी जाणार? आमच्याकडे खोती होती. शेत कसणारा कूळ आणि पिकाचा मोठा वाटा नेणारा खोत. चार मण भात जास्त झालं तर त्यातलं किती आपलं, याची शाश्वती नसलेल्या माणसाला सुधारित शेतीचं व्याख्यान देणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखं.

महाड म्हटलं की २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण त्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, हे पुष्कळांना माहीत नसतं. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. कूळ कायद्याप्रमाणे कसणाऱ्याला मालक मानण्याचा दिवस, म्हणजे कृषिदिन, १ एप्रिल १९५७. कोकणातल्या कृषी विस्ताराच्या इतिहासात मी या तारखा सर्वांत आधी ठेवतो. कूळ मालक झाला, तेव्हा कुठे सल्ला ऐकण्यात त्याचा काही फायदा उरला.

'विस्तार' हा शब्द तसा परका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या विद्यापीठांनी आपलं शिक्षण भिंतींबाहेरच्या लोकांपर्यंत न्यायचं ठरवलं, त्यातून तो रूढ झाला. शेतीत तो अमेरिकेने वाढवला. १९०३ सालची गोष्ट. टेक्सास राज्यातल्या टेरेल गावी सीमन नॅप नावाचे गृहस्थ आले. सरकारी फार्मवरचं पीक पाहून शेतकरी बदलत नाही, कारण सरकारचा पैसा वेगळा आणि आपला वेगळा, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी गावातल्याच एका शेतकऱ्याच्या शेतावर प्रयोग करायला लावला. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. प्रयोग फसला तर त्या शेतकऱ्याचं नुकसान भरून द्यायला गावातल्या व्यापाऱ्यांनी आधीच निधी उभा केला होता. प्रयोग यशस्वी झाला, निधीला हात लावावा लागला नाही. १९१४ मध्ये अमेरिकेने कायदा करून जिल्ह्याजिल्ह्यांत विस्तार कार्यालयं उभी केली.

जोखीम कोणाची, हा त्या गोष्टीतला गाभा. तो आपल्याकडे येता येता कुठेतरी सांडला. आपल्याकडे संशोधन आलं. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचं आहे. १९२६ मध्ये नेमलेल्या, लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात प्रात्यक्षिकं शेतकऱ्याच्या शेतातच व्हावीत यावर भर दिला. पण नुकसान झालं तर काय, याचं उत्तर कुणी दिलं नाही.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि बरोबर एक वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा. शंभरेक गावांचा एक विकास गट, त्यावर गटविकास अधिकारी आणि दहाएक गावांमागे एक ग्रामसेवक, अशी मूळ कल्पना. ग्रामसेवक हा शब्दच पाहा. तलाठी वसुलीला येई, फौजदार चौकशीला येई, जंगलचा शिपाई दंडाला येई. 'सेवक' म्हणवणारा सरकारी माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला. खत, बियाणं, जनावरांचं लसीकरण, शाळेची भिंत, विहिरीतलं औषध, सगळं त्याच्याच डोक्यावर. बायकांसाठी ग्रामसेविका आणि मुख्यसेविका आल्या, महिला मंडळं निघाली. तिथे शिवण, बालसंगोपन, स्वयंपाकघरातला धूर कमी करणारी चूल असे विषय असत. शेतीचा विषय पुरुषांच्या सभेत. ही वाटणी लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा येऊ.

त्या काळातला कोकणासाठी सर्वांत गाजलेला कार्यक्रम म्हणजे जपानी पद्धतीची भातशेती. मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिचे प्रयोग झाले आणि १९५३ मध्ये तिची देशव्यापी मोहीम निघाली. बी मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढायचे, रोपं गादीवाफ्यावर करायची, बी कमी वापरायचं, लावणी दोरी धरून ओळीत करायची, ओळींतून हातकोळपं फिरवायचं आणि खताची मात्रा वाढवायची. शास्त्र चोख होतं. जिथे जमीन सपाट, खत हाताशी आणि माणूसबळ पुरेसं, तिथे उत्पन्न वाढलं.

पण आमच्या उतारावरची खाचरं म्हणजे कुठे चार हात रुंद, कुठे वळणाची, कुठे मध्येच कातळ. दोरी ताणायची कुठून कुठे? शिवाय पोलादपूरचा पाऊस लावणीला आठ-पंधरा दिवसांची मुदत देतो. त्यात गडी माणूस मुंबईला गिरणीत. लावणी करणार कोण? घरातल्या बायका. चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईला दोरीच्या ओळीत लाव म्हणणं म्हणजे तिचं काम वाढवणं. आणि तिला ते सांगायला कुणी आलंच नव्हतं. सभेत पाटील, सरपंच, शिक्षक आणि रजेवर आलेले चाकरमानी. तरीही या मोहिमेतल्या काही गोष्टी मागे राहिल्या. मिठाच्या पाण्यातलं बी आणि गादीवाफा आमच्याकडे टिकले, कारण त्याला खर्च नव्हता आणि फसलं तर नुकसानही नव्हतं. दोरी गेली. शेतकऱ्याने सबंध पद्धत नाकारली नाही किंवा सबंध घेतलीही नाही. त्याने तिची निवड केली. कागदोपत्री याला 'अंशतः स्वीकार' म्हणतात. मी याला शहाणपण म्हणतो.

आता रेडिओबद्दल बोलायला हवं, नाहीतर या माध्यमाशी ती कृतघ्नता ठरेल. १९५६ मध्ये पुणे केंद्राच्या परिसरातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, दीडशे गावांत, युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. गावातले वीसेक जण आठवड्यातून दोनदा एकत्र बसायचे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायचे आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडातली, तिथे शेतकऱ्यांची अशी श्रोतृमंडळं १९४१ पासून होती. पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने इथला अभ्यास केला. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा बसून चर्चा करणाऱ्या गावांना पुष्कळ अधिक समजलं, असं त्यात दिसून आलं. १९५९ पासून ही मंडळं देशभर निघाली. तमिळनाडूत एडीटी-२७ हा भाताचा वाण रेडिओवरून एवढा पसरला की लोक त्याला 'रेडिओ भात' म्हणू लागले.

मला या प्रयोगातली एकच गोष्ट फार मोलाची वाटते. माहिती वरून खाली आली, पण प्रश्न खालून वर गेले. पुढे दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' आलं, २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आलं, आता तर हातात मोबाइल आहे. माहितीचा पूर वाढत गेला. पण ऐकून झाल्यावर शेजाऱ्याबरोबर बसून "हे आपल्या खाचरात जमेल का?" असं विचारण्याची जागा मात्र कमी होत गेली.

१८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. कोकणासाठी वेगळं विद्यापीठ हवं, कारण घाटावरचा सल्ला घाटाखाली चालत नाही, हे यातून मान्य झालं. भाताचे कर्जत आणि रत्नागिरी या नावांचे वाण, नाचणीचा दापोली-१, वेंगुर्ल्याचे काजूचे वाण, आंब्याचे रत्ना आणि सिंधू, ही सगळी या संशोधन केंद्रांची देणगी. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने 'प्रशिक्षण आणि भेट' योजना आली. कृषी सहायकाने ठरलेल्या वारी, पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याला भेटायचंच. शिस्त चांगली होती. पण संपर्क शेतकरी बहुधा रस्त्यालगतचा आणि बऱ्यापैकी जमिनीचा. वाडी डोंगरात, रस्ता खाली. त्याच दशकात, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी संप सुरू झाला. मुंबईत नोकऱ्या गेलेली माणसं गावी परतली, आणि मनीऑर्डरवर चाललेल्या घरांना पुन्हा जमिनीकडे पाहावं लागलं.

म्हणूनच १९९० मध्ये सुरू झालेली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना कोकणात लागू पडली. आपल्याच जमिनीत खड्डे खणायचे, कलमं लावायची, जगवायची आणि त्याचं अनुदान टप्प्याटप्प्याने तीन वर्षं मिळवायचं. वरकस उतारांवर काजू आणि आंबा उभा राहिला. टेरेल गावच्या व्यापाऱ्यांनी १९०३ मध्ये जे केलं, ते इथे सरकारने केलं. जोखमीतला वाटा उचलला. भाषणं तर आधीही होत होती. फरक पडला तो जोखीम वाटून घेतल्यामुळे.

भाताच्या बाबतीत दोन माणसांची नावं घ्यायला हवीत. डॉ. एन. के. सावंत यांनी 'चारसूत्री' भातशेती सांगितली: तुसाची राख आणि पेंढा यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मध्ये खोचायची युरिया-डीएपीची गोळी. आमच्या मुसळधार पावसात फेकलेला युरिया वाहून ओढ्याला जातो. खोचलेली गोळी मुळाशी राहते. आणि पहिलं सूत्र पुन्हा वाचा. रोपवाटिकेत राख! ज्या राखेवरून १८८५ मध्ये आयोग बसला, तिचं मोल शंभर वर्षांनी शास्त्राच्या भाषेत परत आलं. तेही झाड न तोडता, भाताच्याच तुसातून. दुसरे नेरळचे चंद्रशेखर भडसावळे. ते स्वतः शेतकरी. त्यांच्या 'सगुणा' तंत्रात चिखलणीही नाही आणि लावणीही नाही. गादीवाफ्यावर साच्याने छिद्रं पाडून बी टोकायचं आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची. माणसं मिळत नाहीत, या आजच्या अडचणीतून आलेलं हे उत्तर आहे. लावणीची पाठदुखी ज्यांनी सोसली त्यांना त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

मग अडलं कुठे? खेद वाटतो, पण सांगायला हवं. कृषी कर्मचाऱ्याची भेट आता सल्ल्यासाठी कमी आणि कागदासाठी जास्त होते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते आणि पोलादपूरच्या कोतवालमध्ये डोंगर खाली आले. २८ जुलै २०१८ रोजी दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळून तीस जणांचा जीव गेला. दोर लावून दरीत उतरणाऱ्यांत गिर्यारोहक होते तसे इथले तरुणही होते. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळेवर दरड आली. अशा प्रत्येक वर्षानंतर खाचरात दगडगोटे येतात, बांध फुटतात आणि यादी, पंचनामा, सातबारा, बँक खातं यांचा फेरा सुरू होतो. हे काम टाळता येणारं नाही. पण मातीने भरलेलं खाचर पुन्हा लागवडीखाली कसं आणायचं, फुटलेला बांध कुठून वळवायचा, उतारावर काय लावलं तर माती धरून राहील, हा खरा विस्ताराचा प्रश्न. तो विचारायला आणि सांगायला त्या फेऱ्यात वेळ उरत नाही. २०२५ मध्ये कृषी सहायकाचं पदनाम बदलून 'सहायक कृषी अधिकारी' झालं. मानाला माझी हरकत नाही. पण सेवकाचा अधिकारी होण्याच्या या प्रवासात त्याच्या गावांची संख्या आणि कागदांची चळत कमी झाली का, हे विचारलं पाहिजे.

आज आमच्या खोऱ्यात फिरलात तर ओस पडलेली खाचरं दिसतील. कुठे मजूर नाही, कुठे रानडुक्कर आणि माकडं पीक ठेवत नाहीत, कुठे वारस ठाण्याला किंवा सुरतेला. जिथे अजून हिरवं दिसतं, तिथे बहुतेक वेळा एखादी पन्नाशी-साठीची बाई उभी असते. बी तिने निवडलेलं, राब तिने भाजलेला, लावणी तिची, नाचणीचं जुनं वाण मडक्यात राखेत घालून जपणारीही तीच. सातबाऱ्यावर मात्र अनेकदा तिचं नाव नसतं, आणि नाव नाही म्हणून मेळाव्याच्या निमंत्रणातही नसतं. १९५३ मध्ये चूल आणि शेत यांच्या दोन सभा भरवल्या, त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. बचत गटांमुळे आता काही ठिकाणी त्या स्वतःहून पुढे बसू लागल्या आहेत, हे चांगलं चिन्ह आहे.

या साऱ्या इतिहासातून माझ्या हाती दोनच गोष्टी लागतात. जो सल्ला देताना नुकसानीतला वाटा उचलला गेला, तो रुजला. आणि जो सल्ला प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या कानापर्यंत पोचला, तो टिकला. बाकीचे मेळावे फोटोत राहिले. तेव्हा पुढच्या जूनमध्ये ती चार ओळींची बातमी दिसली तर पान उलटण्याआधी एवढंच पाहा, की मेळावा सभागृहात आहे की बांधावर. आणि तुमचं गाव त्या बाजूला असेल, तर घरातल्या जिचे हात चिखलात असतात तिला बरोबर घेऊन जा आणि पुढच्या रांगेत बसवा. प्रश्न तिला विचारू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)